परत एकदा सांगा

लग्नात नवरा-नवरी एकमेकांना हार दोनदा घालतात. पहिला अक्षता पडताना, तो देवाधर्माचा. दुसरा आमच्यासाठी. पहिल्या वेळेला हमखास कुणीतरी मामा कॅमेऱ्यापुढं आडवा येतो, नाहीतर नवरीनं मान खाली घातलेली असते, नाहीतर अक्षता टाकणाऱ्यांचे हातच हात दिसतात. मग मी सांगते, हार काढा, परत एकदा घाला, नवरीबाई जरा वर बघा. वीस वर्षांत एकाही नवरीनं मला नको म्हटलेलं नाही. मंगळसूत्रसुद्धा मी परत बांधायला लावलंय. भटजी कुरकुर करतात, नवरदेव लाजतो, पण ऐकतात सगळे. वर्षभरानं घरात बसून व्हिडिओ बघताना कुणाच्या ध्यानातही राहत नाही की तो हार दुसरा होता. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे, आणि जो असं करून घेत नाही त्याला पुढच्या लग्नाला कुणी बोलवत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते याच सवयीतून झालं. मला मूर्ख म्हणा, चालेल. मी स्वतःला रोज म्हणते.

माझं माहेर सोलापुरातच, पूर्व भागात. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि गल्लीत मुसलमान शेजाऱ्यांची दखनी, अशा तीन भाषा आम्हा पोरांच्या तोंडात एकदमच बसल्या. लग्नानंतर नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत मी कॅमेरा हातात घेतला तो हौस म्हणून. पण मुसलमान घरांतल्या लग्नांत बायकांच्या बाजूला शूटिंग करायला बाईच लागते, आणि तेव्हा गावात तशी मी एकटीच. त्यामुळं हौसेचा धंदा झाला. मी शूट करायचं, नवऱ्यानं कॉम्प्युटरवर जोडायचं, वर गाणी टाकायची.

आणि एका दुपारी तो मोहोळचा मुलगा दुकानात आला. त्याच्या बहिणीचं लग्न मी काढलं होतं, तेव्हा हा कॉलेजात होता आणि दिवसभर माझ्या मागं मागं फिरून कॅमेऱ्याबद्दल विचारत होता. नंतर पुण्याला जाऊन सिनेमाचं शिकला. आता दाढी ठेवलेली, खांद्याला झोळी. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, तुमी माझ्याबरोबर हैदराबादला यायचं. डॉक्युमेंट्री करतोय."

कशावर, म्हटलं.

त्यानं सांगितलं ते मी पेपरात वाचलेलं होतं, पण कुणी समोर बसून सांगितलेलं नव्हतं. ब्रह्मदेशातले रोहिंग्या. तिथल्या लष्करानं त्यांची गावंच्या गावं जाळली, माणसं मारली, बायकांचे हाल केले, आणि जी वाचली ती जिकडं वाट फुटेल तिकडं पळाली. त्यातली काही फिरत फिरत हैदराबादला येऊन पत्र्याच्या वस्तीत राहत होती. याला त्या बायकांचं सांगणं चित्रित करायचं होतं. पण बायका पुरुषापुढं तोंड उघडत नव्हत्या. इतकी वर्षं तिथं राहून त्यांना दखनी येत होती, म्हणून त्याला दखनी बोलणारी, कॅमेरा चालवणारी बाई पाहिजे होती.

मी म्हटलं, "आणि हे करून काय होणार? पेपरात येऊन गेलंच की सगळं."

"आलं आन् गेलं, तेच तर हाय ताई," तो म्हणाला. "परदेशात चौकशी चालू हाय. मेलेल्यांची यादी करायलेत, नावानिशी. एकेका नावाला साक्ष लागती. आपण शूट केलेलं तितं जाईल. लई मोठं काम हाय."

नवरा माउस सोडून मागं वळला. "लग्नसराई संपलीच आहे," तो म्हणाला, "जा तू. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ने, तिथलं खाणं तुला सोसत नाही."

मी भाकरी बांधून घेतली, आणि एक चादर. सोलापूरचं माणूस कुणाच्या घरी जाताना चादर नेतं. दुसरं काय न्यावं हे आम्हाला सुचतच नाही. मोराची नक्षी असलेली लाल-पिवळी चादर, तीच ती, जी प्रत्येकाच्या घरात असते आणि घडी घालायला दोन माणसं लागतात.

वस्ती शहराच्या कडेला होती. पत्रे, बांबू, आणि भिंती म्हणून जुने फ्लेक्स. निवडणुकीचे, वाढदिवसाचे, क्लासचे, जे मिळतील ते. एका घरात तर भिंतभर कुणा पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, उलटा लावलेला. वरून सारखी विमानं जायची. पहिले दोन दिवस मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. मुलांबरोबर बसले, बायकांना माझ्या मुलीचे फोटो दाखवले, डाळ निवडली. त्या मोहोळच्या मुलाला घाई होती, पण त्याला आत यायची परवानगी नव्हती. तो रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसून चहा ढोसायचा आणि मला मेसेज करायचा.

तिसऱ्या दिवशी एक बाई स्वतःहून म्हणाली, मी सांगते. तिशीची असेल, पण दात पडलेले, त्यामुळं मोठी वाटायची. मी तिला आपा म्हणत होते, आणि ती मला बाजी, दोन्हींचा अर्थ ताईच. तिच्या घरात आम्ही दोघीच बसलो. तिचा मुलगा शेजारी खेळायला पाठवला. मी कॅमेरा लावत होते, तेवढ्यात तिनं विचारलं, "बाजी, ये किधर जाता?"

मी ऐकलेलं सगळं तिला सांगितलं. परदेशात लोक बसलेत, ते बघतील, यादी करतील.

"नाम लिखते क्या?"

हौ, म्हटलं. नाव लिहितात.

मग तिनं मुलीचं सांगितलं. चार वर्षांची होती. तिकडं त्यांच्या पोरांचा जन्म सरकार कागदावर घेतच नसे. फोटो काढायला कधी जमलं नाही. जे काही होतं ते घराबरोबर जळालं. नवरा त्याच दिवशी मारला, सासू मारली, नणंद पुढं वाटेत गेली. म्हणजे ती पोर या जगात येऊन गेली याला आता एकच साक्षीदार, ही बाई, आणि हिचेही दात पडायला लागलेले. ती मला शांतपणे म्हणाली की मला दुसरं काही नको, कार्ड नको, धान्य नको, पण तिचं नाव कुठंतरी लिहिलेलं पाहिजे, मी मेल्यावरही राहील असं.

मी हो म्हटलं. मी कोण होते हो म्हणणारी, हे त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तिनं सांगायला सुरुवात केली. सकाळ होती. शिपाई आले, घरं पेटली. ती मागच्या बाजूनं भातशेतात पळाली, कडेवर धाकटा, हाताला मुलगी. बांधावर मुलगी पडली, तिचा पाय मुरगळला. मग तिनं तिलाही उचललं. पुढं ओढा होता, कमरेच्या वर पाणी, आणि दोघांना घेऊन तो ओलांडता येईना. तिनं दोनदा करून बघितलं. मागं गोळ्या चालू. शेवटी तिनं मुलीला बांधावर खाली ठेवलं. बस इथं, आले मी, असं म्हणाली. धाकट्याला पलीकडं नणंदेच्या हातात दिलं आणि वळली, तर शिपाई मुलीपाशी पोचले होते. पुढचं तिनं जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही. ते तिनं एकदाही न रडता सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, मला नाही तर जमिनीला सांगत असल्यागत.

मी सगळं ऐकून घेतलं असतं आणि कॅमेरा बंद केला असता, तर आज हे लिहायला बसले नसते. पण मलाही मुलगी आहे, आणि माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम उसको नीचे रख दिए?"

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "हौ," म्हणाली.

माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळायला मार्ग नाही. कॅमेरा तिच्याकडं होता. पण काहीतरी होतं, कारण तिनं ओढणी पुढं ओढली.

त्या वेळी मी तिचा हात धरायला पाहिजे होता. मी काय केलं? मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. विमानं. नेमक्या त्या ओढ्याच्या ठिकाणी दोन विमानं एकामागं एक गेलेली, तिचा आवाज दबलेला. शिवाय फ्रेममध्ये तिच्या कानाशी फ्लेक्सवरच्या कुणाचे तरी दात दिसत होते, हसणारे. वीस वर्षांचा हात माझा, तो आपोआप चालला. मी म्हटलं, "आपा, फिर एक बार बोलो. शुरू से. आवाज बराबर नै आया."

"फिर से?"

"हौ. एक बारच."

ती पाणी प्यायली. तेवढ्यात मी काय काय केलं ते आता एकेक आठवतं. पिशवीतून चादर काढली आणि ते हसणारे दात झाकायला तिच्या मागं दोन खिळ्यांवर टांगली. तिला दाराकडं तोंड करून बसवलं, उजेड चेहऱ्यावर पडावा म्हणून. तिची एक बट ओढणीत खोचली. माझ्या खांद्याकडं बघून बोला म्हटलं. नवरीला सांगतो तसंच. ती ऐकत गेली, नवऱ्या ऐकतात तशीच.

दुसऱ्यांदा ती अडखळली नाही. सकाळच्या जागी संध्याकाळ आली. शिपाई आधी तीन होते, आता पाच झाले. आणि ओढ्याशी पोचायच्या आतच शिपाई आडवे आले आणि त्यांनी तिच्या हातातून मुलगी हिसकावून घेतली. ती ओरडली, झोंबली, पण त्यांनी ओढून नेली. खाली ठेवणं त्यात नव्हतंच. माझ्या खांद्याकडं बघत, सरळ, एका दमात तिनं सांगितलं, आणि शेवटी रडली.

मला तिथल्या तिथं कळलं. मनात म्हटलं, बरं झालं, आईला एवढं तरी असू दे. आणि खोटं कशाला बोलू, मनात हेही आलं की शॉट उत्तम आलाय.

जाताना तिनं मला थांबवलं. नाव आत्ता लिही म्हणाली, नंतर विसरशील. माझ्याजवळ कागद नव्हता, लग्नाच्या तारखा लिहायची वही होती. त्यात मी मराठीत ते नाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, एवढंच का? तिला वाटलं होतं नाव मोठं दिसेल. चादर मी तिथंच ठेवून आले.

सोलापूरला आल्यावर नवऱ्यानं दोन्ही फाइली बघितल्या. त्याला दखनी कळते. मग म्हणाला, "दुसरं चांगलं आलंय. पण परत कशाला घेतलंस?"

"आवाज नव्हता."

"तू घेतेसच की दर वेळी," तो म्हणाला आणि फाइली कॉपी करायला लावल्या.

त्या मोहोळच्या मुलानं सिनेमात दुसरंच वापरलं. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की दोन्हींत फरक आहे, आणि पहिलं खरं आहे. तो म्हणाला, माणसं आघातात असतात, पुढंमागं होतं, मुद्दा तोच राहतो. पोर मेलीच ना, ताई? दोन्हींत मेलीच. बरोबरच होतं त्याचं. दोन्हींत गाव जळालं, दोन्हींत पोर मेली. मी गप्प बसले. पुढं चौकशीवाल्यांनी नियमाप्रमाणं शूट केलेलं सगळंच्या सगळं मागितलं, न कापता, आणि त्यानं ते मोठ्या अभिमानानं पाठवून दिलं.

सिनेमा परदेशात चांगला गाजला. कुठल्याशा थंड गावातून त्याचा फोन आला, आवाज भरून आलेला. "ताई, सगळं थेटर उभं ऱ्हायलं. टाळ्या थांबेनात. बायका रडत हुत्या." मी विचारलं, मग? मग काय, म्हणाला. मग त्यांचं काय ठरलं, म्हटलं. तो म्हणाला की प्रश्नोत्तरं झाली, लोकांनी विचारलं आम्ही काय करू शकतो, यानं सांगितलं की दुसऱ्यांना दाखवा. नंतर जेवण होतं. ट्रॉफीचा फोटो त्यानं पाठवला, तो मी नवऱ्याला दाखवला, नवऱ्यानं तो दुकानाच्या फोनवर स्टेटसला ठेवला. चौदा जणांनी अंगठा दिला.

मग सोलापुरात दाखवायचं ठरलं. एका कॉलेजच्या सभागृहात, रविवारी सकाळी. मी मनापासून खटपट केली. माहेरच्या गल्लीतून लोक आणले, कारखान्यातले वडिलांचे जुने सोबती, नात्यातल्या बायका, ज्यांची लग्नं मी काढली होती ती जोडपी. हॉल भरला. मला वाटलं होतं, जगाचं काय ते जगाला माहीत, पण माझं गाव तरी हे बघून हलेल. या गावात तेलुगू, कानडी, दखनी, मराठी सगळे एका नळावर पाणी भरतात. यांना कळेल.

आपा पडद्यावर आली. मोठी, भिंतीएवढी. तिनं तोंड उघडलं, आणि माझ्या मागच्या रांगेतून वडिलांच्या सोबत्याचा आवाज आला, "आपली चादर हाय की ती."

"व्हय की. मोराची."

"आपल्या कारखान्याची न्हाय. किनार बघ की. दुसऱ्या कुणाची तरी हाय."

आणि हॉलभर ते पसरलं. आपली चादर, आपली चादर. एक बाई तर हसली, कौतुकानं. पडद्यावर आपा ओढ्यापाशी पोचली होती, शिपाई आडवे आले होते, आणि माझं गाव तिच्या डोक्यामागची किनार कुणाच्या मागावरची हे ठरवत होतं. मला इतका राग आला की उठून सगळ्यांना हाकलून द्यावं. पण कोणत्या तोंडानं? चादर मीच टांगली होती. इतकी वर्षं मागावर घालवलेल्या माणसाला चादर दिसली तर त्याचा काय दोष? त्याला ती दिसावी अशा जागी मी ती लावली होती.

संपल्यावर टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुण्यांनी सोलापूरचं नाव साता समुद्रापार गेलं असं भाषण केलं, आणि त्यात चादरीचा उल्लेख दोनदा आला. बाहेर कांदेपोहे होते. एक ओळखीची बाई बशी घेऊन माझ्याकडं आली, माझा दंड दाबला, म्हणाली, लई वाईट वाटलं बघ, त्या बाईचं. आणि मग पुढच्याच श्वासात, क्लॅरिटी लई भारी हाय तुझ्या कॅमेऱ्याची, आमच्या धाकटीचं ठरलंय, तारीख देशील का? मी वही काढली आणि तारीख लिहून घेतली. काय करणार होते?

चौकशीवाल्यांचं पत्र आलं ते त्यानंतर दोनेक महिन्यांनी. इंग्रजीत, अतिशय सभ्य. त्या मोहोळच्या मुलानं दुकानात येऊन ते वाचून दाखवलं, आणि पहिल्यांदाच मी त्याला चहा न पिता बसलेलं बघितलं. साक्षीदारानं एकाच दिवशी, एकाच व्यक्तीपुढं, दोन वेगवेगळ्या हकिगती सांगितल्या आहेत. वेळ वेगळी, शिपायांची संख्या वेगळी, मृत्यूची परिस्थिती वेगळी. पहिल्या कथनानंतर मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीनं प्रश्न विचारून साक्षीदारावर दबाव आणल्याचं दिसतं. दोन कथनांच्या मध्ये जागेची सजावट बदललेली आहे आणि साक्षीदाराला कसं बसावं, कुठं बघावं याच्या सूचना दिलेल्या ऐकू येतात. म्हणून ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही, आणि साक्षीत आलेल्या नावाची नोंद यादीत करता येत नाही. आपल्या परिश्रमांबद्दल आभार.

जागेची सजावट. म्हणजे चादर.

रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर मी कॅमेरा लगेच परत चालू केला होता, चादर टांगताना, बट खोचताना तो चालूच होता. लग्नात आम्ही मधल्या वेळात तो बंद ठेवत नाही, न जाणो काही छान मिळून जातं.

तो मुलगा म्हणाला, परत अर्ज करू, वकील बघू. त्यानं केलंही असेल. पण आता आपाचं सांगणं कुठंही गेलं तरी दोन तोंडांच्या बाईचं म्हणूनच जाणार होतं. गाव जाळणाऱ्यांना कुणी परत एकदा सांगा म्हटलेलं नाही. त्यांनी एकच सांगितलं, आम्ही काही केलं नाही, आणि ते आजपर्यंत बदललेलं नाही.

मी आठ दिवस आपाला फोन केला नाही. मग तिचाच आला. दुपारची वेळ, मी पोळ्या लाटत होते. माझी मुलगी फोन माझ्या कानाला लावून उभी राहिली.

"बाजी, नाम लिखे क्या?"

मी तिच्याशी खरं बोलायचं ठरवून ठेवलं होतं. आठ दिवस मनात वाक्यं जुळवली होती. आणि तोंडातून आलं, "हौ आपा. लिखे."

मग तिनं विचारलं, बरोबर लिहिलं ना? मला म्हणून दाखव. मी नाव म्हणून दाखवलं. तिनं एक अक्षर सुधारलं, मी परत म्हटलं. मग ती म्हणाली, आणि हे मी तिच्या शब्दांत लिहिते कारण ते माझ्या कानातून जात नाही, "बाजी, वो दूसरा वाला झूट था. मैं ईच रखी उसको नीचे. अब नाम लिख लिए तो सच भी लिखना. तुम आओ ना. फिर एक बार बोलती मैं. एक बारच."

मी काय म्हणायला पाहिजे होतं, ते वाचणाऱ्या कुणालाही सांगता येईल. पण तिच्याकडं गेले असते तर नाव लिहिलेलं नाही हे सांगावं लागलं असतं. का नाही, हेही. मी म्हटलं, "नक्को आपा. हो गया अब. जरूरत नै."

"अच्छा," ती म्हणाली. "शुक्रिया बाजी." माझी मुलगी म्हणाली, आई, पोळी करपतीय.

उन्हाळा संपता संपता मला राहवेना, म्हणून मी फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही असं फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई सांगत होती, तीन भाषांत. मोहोळच्या मुलानं चौकशी केली. वस्तीचा तो भाग पोलिसांनी मोकळा केला होता म्हणे. काहींना गाडीत घालून नेलं, काही स्वतःच रातोरात उठून गेले. आपा कुठल्यात होती, कुणाला माहीत नाही. तो आता दुसऱ्या विषयावर काम करतोय. चांगला मुलगा आहे तो, त्याच्यावर माझा राग नाही. राग ज्याच्यावर धरावा असं माझ्याशिवाय हाताशी कुणी नाही. जे आहेत ते लांब आहेत, आणि त्यांना माझ्या रागाचं काय?

दुकान चालू आहे. लग्नं होतात. मी अजूनही हार परत घालायला लावते. एका लग्नात नाही लावला, तर नवरीच्या आईनं घरी येऊन तोंड सोडलं, एकही फोटो धड नाही म्हणून. तेव्हापासून लावते.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मनात एकच होतं, की कुणी नाही तर निदान मी ते नाव छापीन. पण त्या मुलाच्या वकिलानं सांगितलं, अजिबात छापू नका, तिच्या नात्यातलं कुणी अजून इथं लपून राहत असेल तर त्या नावावरून पोलीस त्यांना शोधून काढतील. तेव्हा इथंही नाव नाही. ते माझ्या जुन्या वहीत आहे, वैशाखातल्या दोन लग्नांच्या मध्ये, आणि त्यातही एक अक्षर चुकीचं आहे.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती सिनेमात नाही आणि पत्रातही नाही. पहिल्यांदा सांगताना आपा म्हणाली होती की बस म्हटल्यावर ती पोर बांधावर बसली. शिपाई समोरून येताना तिला दिसत होते. रांगत तरी भातात शिरता आलं असतं तिला, एवढी समज होती. पण आईनं बस म्हटलं होतं, म्हणून ती बसून राहिली, हलली नाही. दुसऱ्यांदा सांगताना हे त्यात बसत नव्हतं, म्हणून राहून गेलं.